बाळूची बातमी

माझं गाव गेवराईच्या खाली, गोदाकाठी. आमचं घर मेंढरामागं फिरणारं, वडलांना सही येत न्हवती, अन् मी बी.ए. झालो, साऱ्या भावकीत पहिला, हे सांगताना माझी छाती आजबी फुगती. बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर झालो. बातमीवर पहिल्यांदा माझं नाव आलं तवा वडलांनी तो अंक पटक्यात खोवला, बाजारात भेटंल त्याला म्हणायचे, वाच बे, माझ्या पोराचं नाव हाय का बघ.

पेपर चालायचा कशावर, काय सांगू तुम्हाला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसावर. पानभर जाहिरात, खाली शुभेच्छुकांचे बारके बारके फोटो, अन् त्याच्या जिवावर आमच्या बातम्या. मग समद्यांच्या हातात फोन आले, पुढारी म्हणले, स्टेटसला फुकट लावतो की, तुमचा पेपर कावून पायजे? मालकांनी छपाई बंद करून पोर्टल काढलं. म्हणले, कागदाला वाळवी लागती, हे कायमचं राहतंय. मला लई पटलं. शिकलेला ना मी.

त्याच दिवसांत बाळू गेला. आमच्या गावच्या गयामावशीचा एकुलता एक. मेंढरं पाण्यावर नेलती, वाळू उपसलेल्या खड्ड्यात पाय गेला. खड्डा कुणी केला ते मी लिहिलं, दुसऱ्या कुणी एक ओळ लिहिली न्हाई. आमच्याकडं असलं कात्रण माणसाच्या फोटोसंगं फ्रेममधी घालत्यात. मावशी म्हणली, कात्रण दे. म्हणलं, मावशी, आता कात्रण न्हाई, फोनात हाय. तिला वाचता येत न्हाई, फोन तर न्हाईच. मग दर बाजाराला माझ्याकडं यायची, बसायची, म्हणायची, वाच रं. मी वाचायचो.

पुढं जाहिरातीवाचून पोर्टल बी बंद पडलं. लिंक दाबली की नुसतं पांढरं पान. मालकांना इचारलं, तर म्हणले, गेलं ते समदं, सोड आता. मावशीला मी खरं सांगितलं, म्हणलं, आठवतंय तसं लिहून देतो. म्हणली, हातानं लिहिल्यालं कोण खरं मानंल बाबा? फोनातलं पांढरं पान लई येळ बघत बसली, अन् म्हणली, वाच.

वाचलं. पांढऱ्या पानाकडं बघत, तोंडपाठ. मधीच म्हणली, त्याच्या अंगातला लाल सदरा राहिला की रं. खरंच राहिलता.

तवापासून असंच चाललंय. परवा म्हणली, त्यानं आई म्हणून हाक मारली, ते वाच. ते बातमीत न्हवतं, भाऊ. ऐकायला नदीवर होतंच कोण? पण मी वाचलं. अन् आता दर खेपेला ते आपसूक तोंडात येतं, माझ्याच बातमीतलं असल्यागत.

आता माझं झेरॉक्सचं दुकान हाय. मावशी आली की मशीन बंद करतो. उठताना ती डोक्यावर हात ठेवती, म्हणती, तुला लई आयुष्य मिळू दे, तू हायेस तवर माझ्या बाळूची बातमी हाय. आशीर्वादच हाय तो. पण गावाकडं नदीच्या कडंनं, त्या वाळूच्या खड्ड्यांजवळनं जाताना तो हात डोक्यावरनं निघत न्हाई.