विषय आपल्या आवडीचा

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक सुतार आणि त्याची नववीतली मुलगी नंबराची वाट बघत बसले होते.

"इंग्रजीच्या तासाला माझा खोकला कशाला नेलास?"

"मॅडम म्हणाल्या, यंदा विषय तुम्हीच निवडा. कुणी कुत्रा घेतला, कुणी सायकल."

"मग तू कुत्रा घ्यायचास."

"आपल्याकडे कुठंय कुत्रा? खोकला रोज ऐकते."

"आणि वर रेकॉर्डपण केलास."

"पोर्टफोलिओला लागतं, बाबा. वर्षभराचं काम मोबाईलवर तारखेनं ठेवायचं, म्हणजे प्रगती दिसते. जूनचा आहे, ऑगस्टचा आहे, परवाचा आहे. प्रत्येकाखाली इंग्रजीत एक वाक्य."

"मार्क किती पडले?"

"अजून नाही दिले. मॅडमनी तिन्ही ऐकले आणि आईला फोन लावला."

"तरीच ती सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. हे बघ, आत मी आठच दिवस झाले म्हणून सांगणार आहे. तू मध्ये तोंड घालू नकोस."

"बरं."

"वाक्यं कसली लिहिलीयस?"

"जूनमध्ये, बाबा खोकतात. ऑगस्टमध्ये, बाबा खोकताना रंधा खाली ठेवतात."

"आणि परवा?"

"बाबा खोकताना भिंत धरतात."

"नंबर अकरा," आतून हाक आली.

"चल. तूही ये आत. मोबाईल घे."