आमोद प्रागला काय बोलला

...नाही, मला एक सांगा, 'प्रागहून काय आणलं हो आमोदनं?' हा काय प्रश्न झाला? मंडईत भेटलं की हेच, जिन्यात भेटलं की हेच, परवा तर इस्त्रीवाल्यानंसुद्धा विचारलं... अहो, काय आणलं म्हणजे? पडलेलं तोंड आणलं! ते काय इथे पुण्यात मिळत नव्हतं? त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं?

तुम्हाला सांगते, मुलगा माझा वाईट नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतो, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो, म्हणजे तो त्याला स्वयंपाक म्हणतो, आपण फोटो बघून 'हं' म्हणायचं. तिथे हे चौघं पुण्याचे, एकाच कॉलेजातून गेलेले. आमोद, त्याचा मित्र राजस, ती ओवी, आणि उत्कर्षा... आता उत्कर्षाचं काय सांगू? मूळची यवतमाळकडची, वडील हडपसरला कारखान्यात, म्हणून सगळे इकडे आलेले. कॉलेजात असताना ती यायची आमच्याकडे, आणि दारातूनच सुरू, "काकू, काय मस्त वास येऊन राहिला बाप्पा!" आणि सरळ गळ्यात पडायची. आता आमच्या घरात गळ्यात पडतो तो फक्त मफलर! पण त्या पोरीनं मिठी मारली ना, की मला इतकं भरून यायचं, वाटायचं म्हणावं, 'ये गं बाळ, तुझ्यासाठीच केलंय सगळं.' पण तोंडातून निघालं काय? "चपला नीट लाव."

तर हा आमोद एक दिवस फोनवर म्हणतो, "आई, शनिवार-रविवार आम्ही चौघं प्रागला चाललोय. बसनं जवळ आहे." म्हटलं जा. तर म्हणतो, "उत्कर्षाला विचारणार आहे." काय विचारणार ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते, फोन ठेवला आणि मी आजेसासूबाईंच्या पाटल्या काढून रिठ्याच्या पाण्यात टाकल्या! ह्यांना सांगितलं, "अहो, आमोद उत्कर्षाला विचारणार आहे." हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, "परतीचं तिकीट काढलंय ना?" बस्स. बाप आहे हो! मुलाच्या जन्माचा प्रश्न, आणि हे तिकिटाचं विचारतात. पण दुपारी झोपायचं सोडून मोबाईलवर काय बघत होते माहितेय? प्राग! संध्याकाळी चहा घेताना मला म्हणाले, "पूल चांगला दगडी आहे." मी समजले, हे खूश आहेत.

आणि तिकडे काय चाललं होतं... हे मला नंतर राजसनं सांगितलं बरं का, आमोद कशाला सांगतोय! तर त्या प्रागमध्ये चौकात एक म्हातारं घड्याळ आहे. तास भरला की वरच्या खिडक्या उघडतात आणि संतांच्या बाहुल्या एकामागोमाग एक दर्शन देऊन जातात. लोक माना वर करून उभे, ही उत्कर्षा लहान मुलासारखी टाचा उंचावून बघतेय, आणि तिनं ह्याचा दंड धरला घट्ट, म्हणाली, "आमोद, कित्ती गोड आहे रे!" आता माझ्या मुलाच्या मनात काय आलं असेल? मी आई आहे, मला माहीत आहे. मनात आलं असेल, 'तू शेजारी आहेस म्हणून गोड आहे.' पण तोंडातून निघालं काय? "एवढंच? ह्याच्यासाठी लोक विमानानं येतात?"

बरं, चला, ते घड्याळ होतं. घड्याळाचं काय एवढं! खरी गोष्ट पुलावरची. संध्याकाळ झालेली, खाली नदी, दोन्ही बाजूंनी पुतळे उभे, दिवे लागताहेत, कोणीतरी व्हायोलिन वाजवतंय... सगळं आयतं होतं हो! आमच्या वेळी सारसबागेत भेळेवाल्याच्या आवाजात जमवलं लोकांनी, ह्याला व्हायोलिन होतं! राजस आणि ओवी शहाणी मुलं, चार पावलं पुढे गेली. म्हणजे पाय पुढे, कान मागे. आणि उत्कर्षा थांबली. कठड्याला टेकली. म्हणाली, "आमोद, घरचे माझ्यासाठी स्थळ पाहून राहिले. मुलगा खराडीत आहे, आयटीत. आमच्या तिकडचाच आहे. त्यांना उत्तर पाहिजे. मी काय सांगू?"

आता तुम्ही सांगा, पोरीनं आणखी काय करायचं? पाटी लिहून गळ्यात अडकवायची? शेंबडं पोरसुद्धा समजेल की तिला 'नाही सांग' एवढं ऐकायचं होतं! आणि ह्यालाही तेच म्हणायचं होतं, त्याच्यासाठीच गेला होता ना, आठवडाभर आरशासमोर बोलून बघत होता म्हणे, राजसनं ऐकलंय न्हाणीघराच्या दाराबाहेरून. 'नाही सांग, मी आहे.' चार शब्द! ओठ हलले... आणि तोंडातून निघालं काय?

"खराडीत पाण्याचे टँकर लागतात म्हणे. तेवढं विचारून घे."

हो! टँकर! प्रागच्या पुलावर माझा मुलगा टँकर बोलला! ती म्हणाली, "बस, एवढंच?" अहो, देवानं दुसऱ्यांदा संधी दिली, कुणाला मिळते? तर हा म्हणतो, "आणि ट्रॅफिक."

राजस सांगतो, काकू, मला वाटलं ह्याला उचलून नदीत टाकावं. म्हटलं, अरे मग टाकायचा ना! पोहता येतं त्याला, टिळक टँकला शिकवलंय.

रात्रभर हा तळमळला असणार, कारण दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर जाताना सारखा तिच्या आजूबाजूला. पायऱ्या चढताना तिचं जॅकेट घे, पाण्याची बाटली घे, हमाल झाला नुसता! वर पोचल्यावर खाली सगळी लाल कौलं दिसत होती, आणि तीच बिचारी वळून म्हणाली, "तुले काही बोलायचं आहे का?" तुले म्हणाली हो! एरवी तुला म्हणते, पुण्यात राहून शिकलीय. मनातलं आलं म्हणून घरचं आलं तोंडात. हा म्हणाला, "हो." ती म्हणाली, "मग बोल ना!" वाट बघितली तिनं. खूप वाट बघितली, असं ओवी म्हणते. आणि ह्याच्या तोंडातून निघालं काय? "बस चुकेल."

नाही चुकली बस. वेळेवर मिळाली. अख्खा रस्ता उत्कर्षा ओवीच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून होती, आणि राजस म्हणतो, काकू, ती झोपली नव्हती.

मग काय व्हायचं? व्हायचं तेच झालं. सुट्टीत सगळे इकडे आले, आणि हडपसरला साखरपुडा. आम्हाला सहकुटुंब आमंत्रण. मी म्हटलं, "आमोद, तू नाही आलास तरी चालेल." तर शर्टाला स्वतः इस्त्री करून हा सगळ्यात आधी तयार. मुलगा चांगला आहे हो तो खराडीचा, त्याला नावं ठेवायला जागा नाही, मी बघितली शोधून. हे तिच्या वडिलांना म्हणाले, "व्यवस्था बरी आहे." ह्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे सत्कार समजा.

आणि मग ती आली माझ्या पाया पडायला. नटलेली, अंगठी घातलेली... खरं सांगते, काळीज फाटलं माझं. वाटलं, ओरडून म्हणावं, 'अगं माझ्या घरात यायची होतीस तू, पाटल्या उजळून ठेवल्यात!' पण तोंडातून निघालं काय? "साडी पायात येईल, सांभाळ." तर ती गळ्यात पडली. नेहमीसारखी. आणि कानात म्हणाली, "काकू, तुमच्या घरी कोणी काही बोलतच नाही हो." डोळे ओले होते तिचे. मी पाठीवरून हात फिरवला.

घरी आलो. आमोद तिथे जेवला नव्हता, मला दिसलं होतं, नुसती जिलबी ताटात फिरवत बसला होता. आल्या आल्या खोलीत जाऊन पालथा पडला, तोच शर्ट, तेच मोजे. मी वरणभात टाकला. दारात उभी राहिले, त्याचे खांदे हलताना दिसले. एवढा मोठा घोडा, पण वाटलं मांडीवर घ्यावं. आणि म्हणाले काय? "उठतोस, की ताट कुरिअरनं ड्रेस्डेनला पाठवू?" उशीतून आवाज आला, "पाठव. तूप वेगळं बांध." आणि उठला. जेवला. रडत रडत सगळं जेवला हो, वरणभात, लिंबू, सगळं. हे समोर बसून न विचारता त्याच्या भातावर तूप घालत राहिले आणि म्हणाले, "नाक शर्टाला पुसू नकोस."

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, आमच्याकडे परकं माणूस आलं की आम्ही किती गोड बोलतो! या, बसा, वा वा, छान छान! आमोद त्या ओवीशी गोडच बोलतो, व्हिसाच्या वेळी दूतावासातल्या बाईशीसुद्धा गोड बोलला. असं तिरकं आम्ही बोलतो ते फक्त आपल्या माणसांशी. म्हणजे त्या पुलावर त्यानं तिला कधीच घरातली धरली होती हो!

फक्त तिला कळवायचं राहिलं.