अट राहून गेली

...आता तिचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, तुम्हीच सांगा! दयाराम उंद्रीचा, अन्नपूर्णा दुसरबीडची, दोघंही कॉम्प्युटर शिकलेले, खामगावात वधू-वर मंडळाचा प्रोग्राम बनवून राह्यले होते. आता प्रोग्राममधल्या माहितीत काही शोधायचं, बदलायचं तर हुकूम लिहा लागते, त्याले क्वेरी म्हणतात. दयाराम ते हातानं लिहे. अन्नपूर्णा म्हणे, लायब्ररी घेऊ, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, आपण काय पाह्यजे तेवढं सांगायचं, क्वेरी ती बांधते, अन् काही सुटलं तर अडवते. हा म्हणे, आयतं कशाले, माहा हात मले ठाऊक आहे... काऊन नाई ऐकलं बे, दयाराम?

बरं, ती त्याले आवडे. बोलला कधी? नाई. येत्या रविवारी बोलू, येत्या रविवारी बोलू, अन् भांडण मात्र रोज, तेही क्वेरीवरून!

मग काय झालं, एका पोरीचं लग्न जमलं, तिच्या नावापुढं तसं लिहायचं होतं. यानं घाईघाईत क्वेरी लिहिली, पण कोणाच्या नावापुढं, ती अटच राह्यली. झालं! मंडळातल्या सगळ्या पोरापोरींचं लग्न एका फटक्यात जमलं, अन् घरोघरी मोबाईलवर अभिनंदनाचा मेसेज आपोआप पोचला. अन्नपूर्णानं जुन्या प्रतीवरून माहिती परत आणली, पण गेलेला मेसेज कसा परत आणता?

तेवढ्यात तिच्या वडलांचा, भगवंतरावांचा फोन. तिचंही नाव मंडळात होतंच ना. तिनं फोन दयारामच्या हातात देला, "तूच सांग," म्हणे, अन् त्याच्याकडं पाहत तिथंच उभी राह्यली. भगवंतराव चिडले नाई, उलट हळूच विचारतात, "पोरीचं जमलं म्हणे, आनंद आहे. पण कोणासोबत?"

आता असा सवाल कोणाच्या नशिबी येते? एक शब्द बोलायचा होता, एक! अन् या बाबानं त्या माणसाले अट म्हणजे काय, ती कशी सुटली, सुटल्यावर काय होते, सगळं बैजवार समजावलं, अन् वरून म्हणते, "तर काका, तसं कोणासोबतच नाई." अन्नपूर्णानं सगळं ऐकलं, अन् पाणी प्यायले निघून गेली. काऊन बे, दयाराम, काऊन?

त्याच साली तिचं जालन्याकडं खरंच जमलं. दयाराम आता लायब्ररीच वापरते. तिच्या नावापुढं 'लग्न जमलं' त्यानंच लिहिलं. बरोब्बर तिचंच नाव बदललं, बाकी कोणाले धक्का नाई... काम एकदम चोख झालं, म्हणते.