भुयारी मार्गाचा अहवाल

सून : …आणि एवढं करून आज पालिकेच्या मीटिंगमध्ये ठरलं काय, तर भुयारी मार्गाला गुलाबी रंग द्यायचा.

सासू : बसस्टॉपकडे निघतो तो?

सून : तोच. तीन आठवडे मी चाळीस बायकांना घेऊन तिथून चालले, आई. भर दुपारी, नाकाला रुमाल लावून. पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे असतात, आपली चाहूल लागली की मुद्दाम वळतात. त्यातली एक नर्सबाई ड्यूटीला जाताना रोज श्वास कोंडून धरते. शिवणक्लासच्या एका पोरीनं क्लासच सोडला. सगळं लिहिलं मी. आडोशाची भिंत पाडा, बाहेरून आतलं दिसू द्या, बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा.

सासू : कुलूप? ते बांधून वर्ष झालं की.

सून : आत फलक रचून ठेवलेत. महिला सुरक्षा सप्ताहाचे.

सासू : शी.

सून : साहेबांनी अहवाल उघडलासुद्धा नाही, हातात घेऊन नुसता तोलला. म्हणाले, बायकांना रंग आवडतात. सगळे हसले. मग माझ्यापुढे कागद सरकवला. ‘महिलांशी चर्चा झाली, महिला समाधानी आहेत.’ खाली माझं नाव, आधीच टाइप केलेलं.

सासू : केलीस सही?

सून : नाही. उद्यापर्यंत विचार करा म्हणाले, नाहीतर रेकॉर्ड रूममध्ये बदली. तुमचे चिरंजीव म्हणतात, करून टाक, एका सहीनं काय बिघडतंय.

सासू : त्याला काय कळतंय. बस इथं. मी कंडक्टर होते तेव्हा माझ्या गाडीत आमच्या डेपोतल्याच एकानं एका मुलीच्या अंगाला हात लावला. मी पाहिलं. तिनं तक्रार केली, तर साहेबांनी मला बोलावून कागद पुढे केला. ‘गाडीत काहीही घडलं नाही.’

सून : आणि तुम्ही…

सासू : केली सही. तो रिटायर होईस्तोवर माझ्यासमोर बसून डबा खायचा. किळस त्याची यायची तेवढीच माझीही.

सून : कधी बोलला नाहीत, आई.

सासू : कुठल्या तोंडानं बोलू?

सून : त्या मुलीचं काय झालं?

सासू : आमच्या गाडीच्याच रस्त्यानं पायी जाताना दिसायची. मी बेल मारून गाडी थांबवायचे. ती मान खाली घालून चालत राहायची.