आधी दाखव, मग पाठव

आजच्या सभेचे अध्यक्ष रत्नाकरशास्त्री, विद्यापीठातून वेळ काढून आलेल्या निवेदिताताई, मंगला गौरीपासून भोसले घाटापर्यंतची सगळी मराठी मंडळी, आणि भाषणं संपून चहा कधी मिळतो म्हणून मागे ताटकळलेले सज्जनहो,

मी इंदूआजी. मंडळाचं स्वयंपाकघर माझं. शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा शब्द निवडून बोलता येत नाही.

आज ज्याला निरोप द्यायचा तो आपला सुशांत पुण्याला चाललाय. कार्यवाह म्हणाले, उज्ज्वल भविष्यासाठी. असेल. पण या गल्लीत त्याचा हात मोडला, हे कोणी बोलायचं? शाल घातली की हाड सांधतं का?

या पोराने मंडळाच्या कंप्युटरवर एक प्रोग्राम बसवला. बटण दाबलं की सगळ्यांना मेल. ज्याचं त्याचं नाव मोठ्या जाड अक्षरात, भोवती रंगीत कड. मी विचारलं, इतकं लिहितं कोण? म्हणाला, साचा मी करतो आजी, सारण मशीन भरतं. मला करंज्या कळतात, त्यामुळे हेही कळलं.

साचे दोन. मंगळागौरीचा लाल कडेचा, पितृपक्षाचा काळ्या कडेचा. श्रावणात या शहाण्याने पुढच्या महिन्याचा काळा साचा तपासला, बदलायला विसरला आणि नव्या जोडप्यांची नावं भरून बटण दाबलं. अध्यक्षांची लेक मालविका, लग्नाला वर्ष नाही झालं, तिला सासरी मेल गेला: आपले पती बिंदुमाधव यांच्या श्राद्धास तीळ-दर्भासह यावे. जावई समोर बसून पोहे खात होता. सासू कोसळली ती दवाखान्यातच उठली.

मग रत्नाकरशास्त्री आले. सभेत अहो म्हणते, एरवी अरे. हातात लाठी, मागे दोन पुतणे. "कौन भेजा रे?" एवढंच विचारलं, उत्तराला थांबले नाहीत. पुतण्यांनी पोराचं डोकं पडद्यावर आपटलं, काच त्याच्या भुवईत घुसली. कीबोर्ड रक्ताने चिकट झाला. मग उजवा हात टेबलावर धरून यांनी लाठी घातली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज स्वयंपाकघरात आला. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा मी पोचले होते. हातात धिरड्याचं तापलेलं उलथनं. मनगटावर असं दाबलं की लाठीही सुटली आणि कातडीही. निवेदिताताई, चेहरा कसनुसा करू नका, विस्तवाजवळ उभं राहणाऱ्या बाईकडे दुसरं काय असणार?

पोलिसात कोणी गेलं नाही. बोलणंही थांबलं. गल्लीत शास्त्री नि सुशांत समोरासमोर आले की दोघं दोन भिंती धरून चालायचे.

प्लॅस्टरमध्ये असताना सुशांतने डाव्या हाताने प्रोग्राम बदलला. आता मेल आपणहून सुटत नाही. तयार होतो आणि पडद्यावर उभा राहतो. माणसाने वाचायचा, मग माणसानेच पाठवायचा. त्याने कार्यवाहांना सांगितलं, वाचायला रत्नाकरशास्त्री हवेत. मी त्याला चांगलं झापलं. ज्याने हात मोडला त्याच्या पाया पडतोस?

म्हणाला, "पाया नाही पडत, आजी. आता प्रत्येक नाव तेच नीट वाचतील."

आजच्या समारंभाचा मेल तुम्हाला मिळाला ना? काल तो पडद्यावर उभा होता. अध्यक्ष चष्मा लावून बसले. सुशांतच्या नावाशी पुन्हापुन्हा जात होते, कड लाल आहे ना बघत होते. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "हे बटण तू दाब. हात चालतो का, मला बघायचंय."

त्याने दाबलं. बोट पूर्ण वाकत नाही अजून. ते यांनी पाहिलं, आणि खुर्चीवरून उठायला यांना भिंतीचा आधार लागला.

जा बाबा पुण्याला. तिथेही आधी दाखव, मग पाठव.

सर्वांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल, कोणाचं नाव सुटलं असेल, तर पोटात घाला. उलथन्याची माफी मात्र मी मागत नाही. अध्यक्षांनीही मागितलेली नाही. शाल द्यायला पुढे होतील तेव्हा तो भाजलेला हात बाहेर येईल, बघून घ्या.