पायाळूची कंबर

हसू नका, पायाळू होऊन बघा एकदा! जन्मताना माझे पाय आधी आले, एवढाच माझा गुन्हा. परळच्या आमच्या चाळीत कुणाच्याही कंबरेत उसण भरली की उतरवायला माझी लाथ हवी.

एकदा गिरणीत आमच्या खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबरच, उसण भरून वाकडा झाला. म्हणाला, "मार रे!"

आठवडाभर त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मारली, जरा मनापासूनच.

"गेली, गेली!" तो ओरडला.

उसण खरंच गेली, की दुसरी लाथ नको म्हणून गेली? आता हा कामावरून काढतो की काय? माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

महिन्याभरात माझीच कंबर धरली. ना बसवत होतं, ना उभं राहवत होतं.

जॉबर धोतर खोचत आला. म्हणाला, "मी काही पायाळू नाही. पण वाक, बघू करून."