एक्केचाळीस क्रमांकाचं चित्र

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉ. अभय सर, मंचावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती श्री. दिगंबर शितोळे, त्यांच्या पत्नी पूर्णिमाताई, आणि माझ्या सहकाऱ्यांनो! नुसते चहासाठी आला असाल, तर आपणांसही नमस्कार.

दिगंबररावांनी आपल्या एमआरआय विभागात सत्तावीस वर्षं काढली. लोणी काळभोरहून रोजची बस, पण एकही उशीर नाही. यंत्रात शिरायला घाबरणाऱ्या पेशंटला ते सांगत, "डोळे मिटा. मी बाहेर उभा आहे." अजून चार वर्षं नोकरी शिल्लक असताना ते का निघाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही. ते मी सांगावं, अशी त्यांचीच आज्ञा आहे.

पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याआधी कित्येक वर्षं मेंदूतला एक लहानसा भाग झिजत असतो. ती झीज संगणकाला आधीच ओळखता येईल का, असं आमचं संशोधन होतं. रुग्णांच्या मेंदूची एमआरआय चित्रं होती, तुलनेसाठी निरोगी माणसांची हवी होती. दिगंबरराव म्हणाले, "माझं डोकं घ्या मॅडम, रिकामंच आहे."

चित्रांवर नावं नसतात, क्रमांक असतात. एके दुपारी आमचा संगणकतज्ज्ञ आमोद आला. "मॅडम, निरोगी गटातल्या तिघांना प्रोग्राम पेशंट म्हणतोय. एक्केचाळीस नंबरबद्दल तर त्याला जवळजवळ खात्रीच आहे."

क्रमांकांची यादी माझ्याकडे होती. मी ती उघडली. नाव वाचलं.

मी काय करायला हवं होतं? किमान संशोधनाच्या नैतिकता समितीला तरी विचारायला हवं होतं. मी आमोदला म्हणाले, "पेशंट हलला असेल, चित्र खराब आहे. काढून टाक." चित्र स्वच्छ होतं. ज्यानं स्वतः हजारो लोकांना 'हलू नका' म्हणून सांगितलं, तो कसा हलेल? पण एक चूक कमी झाल्यानं प्रोग्रामची अचूकता वाढली, शोधनिबंध छापून आला, आणि याच सभागृहात माझा सत्कार झाला. मला शाल दिगंबररावांनीच आणून दिली होती.

दोन वर्षांनी पूर्णिमाताई दिगंबररावांना घेऊन माझ्या खोलीत आल्या. "मार्केट यार्डात भाजीला गेलो होतो. चालताना ह्यांचा डावा हात हालतच नाही हो. अक्षरपण मुंगीएवढं झालंय." मी तपासलं. पार्किन्सनचं निदान सांगितलं. आणि मग, दार लावून, उरलेलंही सांगितलं.

मी म्हणाले, "आधी कळूनही रोग थांबवणारं औषध नव्हतं. त्या तिघांतले उरलेले दोघं तर आजही ठणठणीत आहेत. उगाच घाबरवलं असतं."

"औषध नव्हतं, मान्य," ते म्हणाले. "गावच्या शाळेच्या भिंतीवर मला अख्खी बाराखडी रंगवायची होती. निवृत्तीनंतर करू म्हणून ठेवली. दोन वर्षं माझा हात चांगला होता, मॅडम. त्याचं काय करायचं, ते मी ठरवलं असतं."



मी समितीला सगळं लेखी कळवलं. निबंधात दुरुस्ती छापली, अचूकता घटली. प्रकल्पाचं प्रमुखपद माझ्याकडून गेलं, ते योग्यच झालं. आता संमतिपत्रावर एक नवा प्रश्न आहे: 'काही आढळल्यास आपणांस कळवावे का?' तो दिगंबररावांनी सुचवला. मी विचारलं, "तुम्ही काय लिहिलं असतं?" ते म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं, तर कळलं असतं."

परवा म्हणाले, "भाषणात माझे गुण गाऊ नका, ते मेल्यावर गातात. हे सांगा. पोरं ऐकतील."

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. मात्र त्या चुकीची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ती मागितली आहे दिगंबररावांकडे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. दिगंबरराव, घाई नाही. आणि नाहीच दिलात, तरी मी समजेन.

नमस्कार.